रद्द करण्याची नोटीस पोचल्याचा पुरावा: नोंदणीसह स्पीड पोस्टचं परीक्षण

सेवा बंद करा असं पत्र लिहायला दहा मिनिटं पुरतात. खरी अडचण पुढे येते. चार महिन्यांनी समोरचा म्हणतो, "असं काही पत्र आमच्याकडे आलंच नाही," आणि हातात पत्राच्या झेरॉक्सशिवाय काहीच नसतं. लातूरच्या कोचिंग क्लासची उरलेली फी असो, छत्रपती संभाजीनगरच्या जिमचं वार्षिक सभासदत्व असो, घरच्या आरओ फिल्टरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) किंवा नेटचं कनेक्शन असो, वाद शेवटी दोनच प्रश्नांवर येऊन थांबतो: पत्र पोचलं का, आणि कोणत्या तारखेला पोचलं.

या कामासाठी सामान्य माणसाला परवडेल अशी एकच सेवा सगळ्या तालुक्यांत हाताशी आहे. ती म्हणजे टपाल खात्याचं नोंदणी आणि पोचपावती जोडलेलं स्पीड पोस्ट. पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला तेही पुढे सांगितलं आहे, कारण तो भाग कळला नाही तर उरलेल्या चार गुणांचाही उपयोग होत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. "रजिस्टर एडी करून टाका" हा सल्ला आपल्याकडे वकिलापासून पानटपरीपर्यंत सगळे देतात. पण २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. नोंदणी संपलेली नाही, ती आता स्पीड पोस्टवर जादा सुविधा म्हणून मिळते. काउंटरवर "रजिस्ट्री बंद झाली" एवढंच ऐकून लोक साधं स्पीड पोस्ट करून घरी येतात, आणि तिथेच चुकतं. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचवलं जातं. नोंदणी केलेलं पत्र ज्याच्या नावाने आहे त्याच्या, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातीच द्यायचं असतं. करारात "नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने द्यावी" अशी अट असेल तर ती पाळल्याचं दाखवायलाही हीच नोंदणी लागते. म्हणून खिडकीवर स्पष्ट सांगा: "स्पीड पोस्ट, नोंदणीसह, आणि पोचपावती पाहिजे." या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीची आकारणी वेगळी होते.

खर्च. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये, मग ते मुंबईला जावो की बंगळुरूला. त्यावर नोंदणीचे ५ रुपये आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे नांदेडहून मुंबईच्या मुख्य कार्यालयाला नोंदणीसह पत्र ६१ रुपये ३६ पैशांत जातं, आणि नांदेडातल्या नांदेडात २८ रुपये ३२ पैशांत. पोचपावतीचे पैसे याच्यावर. ८० जीएसएमचा ए-४ कागद साधारण ५ ग्रॅम भरतो, त्यामुळे लिफाफ्यासकट सहा-सात पानं ५० ग्रॅमच्या आत बसतात. मूळ बिलं, करार, पावत्या कशाचीही मूळ प्रत पाठवू नका. झेरॉक्स पाठवा, तीही गरजेपुरतीच.

ओटीपी घेऊन डिलिव्हरी हीसुद्धा एक जादा सुविधा आहे, तीही ५ रुपये अधिक जीएसटी. पासपोर्ट किंवा एटीएम कार्ड पाठवायला ती चांगली. रद्द करण्याच्या नोटिशीला मात्र घेऊ नका. ज्याला तुमचं पत्र नको आहे, त्याच्याच मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावर तुमची डिलिव्हरी का अडकवायची?

आता खिडकीवरची पावती. ती हातात आली की काउंटर सोडण्याआधी वाचा. प्राप्तकर्त्याचं नाव बरोबर आहे का, पिन कोड बरोबर आहे का, वजन, तारीख-वेळ, आणि इंग्रजी दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन असा तेरा खुणांचा क्रमांक. नावाच्या जागी "मॅनेजर" एवढंच छापलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. ही पावती थर्मल कागदाची असते. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. गाडीच्या काचेखाली किंवा परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती ठेवली तर अक्षरं पुसट होतात नाहीतर अख्खा कागद काळवंडतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. यंत्रातून बाहेर येईपर्यंत पावती काळी झालेली असते. प्लॅस्टिकच्या पाकिटातही कालांतराने अक्षरं उडतात. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, दोन झेरॉक्स मारा, आणि मूळ पावती साध्या कागदी पाकिटात ठेवा. पुरावा हरवण्याची सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त चुटपुट लावणारी जागा हीच.

पत्र गेल्यावर पावतीवरचा तोच क्रमांक टाकून टपाल खात्याच्या संकेतस्थळावर माग काढता येतो. "डिलिव्हर्ड" दिसलं की ते पान त्याच दिवशी छापून घ्या. जुन्या पत्रांची माहिती तिथे कायम राहील असं धरून चालू नका. पोचपावतीचं कार्ड परत यायला वेळ लागतो. येतं तेव्हा त्यावर कधी नुसती वेडीवाकडी सही असते, शिक्का नसतो, तारीख नसते. कधी कार्ड येतच नाही. कापलेल्या गुणाचा अर्धा भाग या कार्डाचा. म्हणून कार्डावर भिस्त ठेवू नका, छापलेल्या ट्रॅकिंगवर ठेवा. कार्ड नाही आलं तर बुकिंगच्या टपाल कार्यालयात पावतीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पत्र कोणत्या तारखेला कोणाला दिलं ते विचारा, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.

कायद्याचं पाठबळ या सेवेला भक्कम आहे. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ चं कलम २७ सांगतं की केंद्रीय कायद्यात टपालाने बजावणीची तरतूद असेल, तर पत्ता बरोबर लिहून, टपालखर्च भरून, नोंदणीने पत्र टाकलं की उलट सिद्ध होईपर्यंत बजावणी झाली असं धरलं जातं. साध्या करारातल्या नोटिशीला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ चा आधार आहे. नेहमीचं कामकाज नेहमीच्या रीतीने पार पडलं असं न्यायालयाला गृहीत धरता येतं, आणि टपाल त्यातच मोडतं. "मिळालं नाही" हे दाखवण्याचा भार मग समोरच्यावर जातो.

हे सगळं मात्र "पत्ता बरोबर" या दोन शब्दांवर उभं आहे. शाखेच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र "ती फ्रँचायझी होती, ती बंद झाली" या एका वाक्यात उडवलं जातं. समोर कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २० प्रमाणे नोंदणीकृत कार्यालयात रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट किंवा कुरिअरने बजावणी करता येते. हा पत्ता शोधायला कुठे जावं लागत नाही. कलम १२ प्रमाणे कंपनीने तो आपल्या बिलांवर आणि पत्रांवर छापायचाच असतो, सीआयएन म्हणजे कंपनीच्या ओळख क्रमांकासकट. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात पाहा. कंपनी नसून एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा भागीदारी असेल तर पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. कायदेशीर नाव आणि व्यवसायाची मुख्य जागा समोर येते. पाटीवरचं "श्री साई" आणि कायदेशीर नाव यांत बऱ्याचदा फरक असतो, लिफाफ्यावर दोन्ही लिहा. दोन पत्रं टाका: एक नोंदणीकृत कार्यालयाला, एक ज्या शाखेत पैसे भरले तिला. शंभर-सव्वाशे रुपयांत हा प्रश्न कायमचा मिटतो.

आता कापलेल्या गुणाचा उरलेला अर्धा भाग. स्पीड पोस्ट लिफाफा पोचल्याचं सिद्ध करतं, आत काय होतं ते सिद्ध करत नाही. "पाकीट आलं, पण त्यात कोरा कागद होता" किंवा "त्यात जाहिरातीचं पत्रक होतं" असा पवित्रा घेणारे भेटतात. टपाल खात्याकडे याला उत्तर नाही, ते आपल्यालाच तयार करावं लागतं. लिफाफ्यावर आणि पोचपावतीच्या कार्डावर विषय लिहा: "सभासद क्रमांक अमुक, सेवा रद्द करण्याची नोटीस, दिनांक अमुक." पत्राच्या प्रत्येक पानावर "पान १ पैकी २" असा आकडा आणि सही करा. पाकीट बंद करायच्या आधी सही केलेल्या पत्राची झेरॉक्स काढा, सहीनंतरची, सहीच्या आधीची नाही. आणि त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर त्या पत्राचा स्कॅन आणि टपालाच्या पावतीचा फोटो पाठवून लिहा की "सोबतचं पत्र आज या क्रमांकाने स्पीड पोस्टने पाठवलं आहे, लिफाफ्यात याव्यतिरिक्त काही असल्यास तात्काळ कळवावं." तारीख, क्रमांक आणि मजकूर असे एका दोरीत बांधले गेले की कोऱ्या कागदाची गोष्ट टिकत नाही.

पत्रातला मजकूर थोडकाच असावा. "माझं सभासदत्व क्रमांक अमुक मी या पत्राने रद्द करत आहे. कराराच्या कलम अमुकप्रमाणे ३० दिवसांची मुदत हे पत्र आपणास मिळाल्याच्या दिवसापासून धरावी. यापुढे माझ्या खात्यातून रक्कम वळती करू नये. उरलेली अमुक रक्कम पुढील खात्यात जमा करावी." बस. "रद्द करण्याचा विचार आहे", "कृपया रद्द करता येईल का ते कळवावे" अशी विनवणीची वाक्यं घातक, कारण नंतर तीच "ही तर चौकशी होती" म्हणून तुमच्यावर उलटतात. मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर मराठीसोबत इंग्रजी मजकूरही त्याच कागदावर द्या.

परत आलेलं पाकीट पाहून लोक घाबरतात, तसं घाबरायचं कारण नाही. पोस्टमनचा शेरा काय आहे ते आधी वाचा. "घेण्यास नकार" हा तर तुमच्या बाजूचा शेरा. "दुकान बंद", "मागणी केली नाही" असे शेरेही, पत्ता बरोबर असल्यास, बजावणी झाल्यासारखेच धरले जाऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने चेक परत गेल्याच्या खटल्यांत हे वारंवार सांगितलं आहे. "पत्ता अपुरा" आणि "सोडून गेले" हे मात्र कच्चे शेरे, तिथे नवा पत्ता शोधून पुन्हा पाठवा. आणि एक काळजी नक्की घ्या: परत आलेलं पाकीट फोडू नका. बंद पाकीट, वर टपालाचा शिक्का, शेरा, तारीख, आणि आत न उघडलेली नोटीस, हा एकच पुरावा असा आहे जो मजकूर आणि पाठवणं दोन्ही एकाच वेळी सिद्ध करतो. उत्सुकतेपोटी फोडलं की त्याची किंमत अर्ध्यावर येते.

कार्यालय गावातच असेल तर टपालाआधी हातोहात द्या. स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, पोच घ्या: आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा, सही, शिक्का. या पाचांपैकी शिक्का आणि तारीख सोडू नका. "मजकूर न तपासता स्वीकारले" असा ठप्पा मारला तर वाद घालू नका. मिळाल्याची कबुली त्यात आहेच, आणि आपल्याला तेवढीच हवी. "साहेब नाहीत, उद्या या", "वरून ऑर्डर आल्याशिवाय शिक्का मारत नाही" असं झालं की दुसऱ्या फेरीत वेळ घालवू नका. तिथून थेट टपाल कार्यालय गाठा, आणि पत्रात एक ओळ वाढवा की आज अमुक वाजता समक्ष दिलेलं पत्र आपल्या कार्यालयाने स्वीकारलं नाही.

कंपनी कायद्याला खासगी कुरिअरही चालतं, पण जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ नोंदणीकृत टपालाबद्दल बोलतं, आणि गावोगावच्या कुरिअरच्या पोचपत्रावर नावाऐवजी एखादी रेघ असते. वेग हवा असेल तर घ्या, पुरावा म्हणून दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. फोनवर रद्द करणं पुराव्याच्या दृष्टीने शून्य. फारतर विनंती क्रमांक मागून तो पत्रात लिहा.

ईमेलचं तसं नाही, तो नीट केला तर फार कामाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे समोरच्याने संदेश घेण्यासाठी ठरावीक ईमेल नेमून दिला असेल तर संदेश तिथे शिरला तीच मिळाल्याची वेळ. त्यामुळे करारात किंवा संकेतस्थळावर दिलेल्या नेमक्या पत्त्यावरच पाठवा, विक्री करणाऱ्या पोराच्या खासगी मेलवर नाही. तिकीट क्रमांकासह आपोआप येणारं उत्तर हीच तुमची पोच. याच कायद्याच्या कलम १२ मध्ये यंत्राने दिलेली पोचही धरली आहे. ऑनलाइन विक्रेता किंवा अ‍ॅप असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. हे नियम मेलमध्ये लिहिले की उत्तर येण्याची शक्यता वाढते. आणि रद्द करण्याचं बटणच सापडू न देणं हा तर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या रचनेबद्दलच्या) मार्गदर्शक तत्त्वांत "सबस्क्रिप्शन ट्रॅप" म्हणून नोंदवलेला अनुचित प्रकार आहे. त्या पडद्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणा बंद ठेवता येतात, नंबर बदलतो, माणूस नोकरी सोडतो. जोडपुरावा म्हणून ठीक. संदेशावर बोट दाबून "माहिती"मध्ये पोचल्याची आणि वाचल्याची वेळ दिसते, ती टिपून ठेवा.

अशा डिजिटल पुराव्याबाबतचा देशभर गाजलेला निकाल आपल्याच जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला होता की मुदत उलटल्यावर, या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण समोर न आणता त्याची प्रत दिली तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र आवश्यकच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून ते साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दोन भागांत दिला आहे, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा संगणकीय ठसा, लिहावं लागतं. म्हणून मेल नुसता छापून गप्प बसू नका, मूळ मेल खात्यातून काढू नका, शीर्ष तपशिलासह (कोणी, कोणाला, कधी पाठवला ती नोंद) ईएमएल, म्हणजे अख्ख्या मूळ मेलची फाइल म्हणून उतरवून ठेवा, आणि ज्या फोनवरून चॅट केलं तो एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

तारखेचा हिशोब. करारात बहुधा "नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस" असतं, टाकल्यापासून नाही. मधे रविवार येतो, दिवाळी येते. नूतनीकरणाची तारीख १ एप्रिल असेल तर पत्र फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच टाका. कोचिंगबाबत शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची आहे, क्लासच्या हॉस्टेलात राहत असेल तर हॉस्टेल आणि मेसचीही. ते १० दिवस कधी सुरू झाले हे सांगायला ट्रॅकिंगची तारीखच लागेल. बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगी वेगळी रद्द करा, पण तेवढ्याने करार रद्द झाला असं समजू नका. नोटीस नसेल तर थकबाकीचा तगादा सुरू होतो.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नाहीतर ई-जागृती पोर्टलवरून आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. हिंगोलीच्या माणसाला बंगळुरूला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रार फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कागद या क्रमाने लावा: करार, सही केलेल्या नोटिशीची प्रत, टपालाची पावती आणि तिची झेरॉक्स, ट्रॅकिंगचं छापील पान, पोचपावती किंवा न फोडलेलं पाकीट, मेल आणि त्याचं प्रमाणपत्र.